जंतूंची काळी छत्री

जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. (सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी ती वेगळी.) या भागात हरभरा घाट्यावर आला, की शेतकऱ्याचा डोळा घाटेअळीवर असतो. ही अळी डोके घाट्यात खुपसते आणि धड बाहेर ठेवून दाणे फस्त करते. तिच्यावर एक जैविक उपाय आहे. घाटेअळीला रोग जडवणारा एक विषाणू असतो; तो पाण्यात मिसळून पिकावर फवारतात. रोगी अळ्या शेंड्याकडे चढतात आणि तेथेच उलट्या लटकून मरतात.

विद्यार्थी मित्रहो, या फवारणीच्या शिफारशीत दोन गोष्टी मोठ्या मौजेच्या आहेत. फवारणी सायंकाळी करावी, ही एक. आणि द्रावणात कपड्यांना घालायची नीळ मिसळावी, ही दुसरी. अळीचा आणि निळीचा काय संबंध?

संबंध अळीशी नाही, उन्हाशी आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) त्याहून आखूड ते अतिनील किरण. तरंगलांबी निम्मी झाली, की प्रकाशाच्या प्रत्येक कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा दुप्पट होते. अतिनील फोटॉनजवळ रेणूंची मोडतोड करण्याइतकी ऊर्जा असते. विषाणूचे डीएनए त्याला बळी पडते. नीळ या किरणांपैकी काही आपल्या अंगावर घेते.

हीच अडचण बीटीची. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे या जंतूचे पूर्ण नाव. हा जंतू बीजाणू तयार करताना प्रथिनाचा एक स्फटिक बनवतो. अळीने पानाबरोबर तो खाल्ला, की तिच्या आतड्यातील अल्कधर्मी रसात तो विरघळतो, आतड्याला छिद्रे पडतात आणि अळी खाणे सोडून मरते. बीटी म्हटले की तुम्हाला कपाशी आठवणार. १९६४ साली जालन्यात स्थापन झालेल्या महिको कंपनीच्या बीटी कपाशीला २००२ साली सरकारी मान्यता मिळाली. तिच्यात जंतूचे जनुक झाडातच घातलेले असते आणि विष पेशींच्या आत तयार होत राहते. तेथे उन्हाचा प्रश्न येत नाही. (शेंदरी बोंडअळी पुढे या विषालाही दाद देईनाशी झाली, ती गोष्ट निराळी.) फवारलेले बीटी मात्र पानावर उघडे पडलेले असते. अतिनील किरणांनी त्याचे प्रथिन बिघडते आणि काही दिवसांतच प्रभाव उतरतो. शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेले औषध, अळीने खाण्याआधीच सूर्य खाऊन टाकतो!

आता स्वतःच्या हाताकडे पहा. आपण दिवसभर उन्हात वावरतो, तरी आपल्या पेशी तग धरतात. त्यामागे मेलॅनिन हे काळसर रंगद्रव्य आहे. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लावर तांबे असलेले एक विकर काम करते आणि अनेक पायऱ्यांनंतर मेलॅनिन बनते. चिरलेले वांगे काळे पडते, तेही अशाच एका विकरामुळे. एका फोडीला लिंबू चोळा, दुसरी तशीच ठेवा, आणि अर्ध्या तासाने दोन्ही ताडून पहा.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मेलॅनिनचे खरे नवल वाटते ते पुढेच. बहुतेक रंगद्रव्ये ठरावीक रंगच शोषतात. मेलॅनिन सारे रंग शोषते, आणि तरंगलांबी जितकी आखूड, तितके अधिक शोषते. म्हणजे जेथे धोका जास्त, तेथे पहारा कडक. शोषलेल्या ऊर्जेपैकी ९९.९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा निरुपद्रवी उष्णतेत जाते. आपल्या त्वचेच्या पेशींत तर मेलॅनिनचे कण केंद्रकाच्या वरच्या अंगाला, उन्हाच्या बाजूला, टोपीसारखे गोळा झालेले आढळतात.

मग ही टोपी बीटीच्या जंतूला घालता येईल का? सामान्यतः हा जंतू रंगहीन असतो. परंतु १९९६ साली बीटीच्या एका उत्परिवर्तित वाणाचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो गडद तपकिरी रंगद्रव्य बनवत होता, अतिनील किरणांत अधिक टिकत होता आणि अळ्याही अधिक मारत होता. २००२ साली इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी मेलॅनिन बनवणारा असाच एक वाण मिळवला. २००४ साली चिनी संशोधकांना तर उत्परिवर्तनाचीही गरज पडली नाही. त्यांनी काही साध्या वाणांना टायरोसिन पुरवले आणि ४२ अंश सेल्सिअस तापमानात वाढवले. जंतूंनी मेलॅनिन तयार केले आणि अतिनील किरणांत ते अधिक तगले. ही युक्ती मला विशेष आवडते. ४२ अंश म्हणजे आपल्याकडील मे महिन्यातली दुपार!

अर्थात काळी छत्री घेतलेला जंतूसुद्धा शेवटी अळीच्या पोटात जावा लागतो. शेंदरी बोंडअळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच बोंडात शिरते. तेथे फवारा पोहोचत नाही. घाटेअळीचे तसे नाही. लहानपणी ती हरभऱ्याची कोवळी पाने खरवडून खाते, घाट्यांकडे वळते ती मोठी झाल्यावर. औषध पानावर टिकून राहायला हवे ते याच मधल्या दिवसांत.