सरकारी घोडा आणि धाकटे भाऊ

ज्यांनी संस्कृताचा थोडाफार अभ्यास केला असेल त्यांस 'सैन्धवमानय' हे उदाहरण ठाऊक असेलच. सैंधव म्हणजे मीठ, आणि सैंधव म्हणजे घोडाही. धनी भोजनास बसला असता 'सैंधव आण' म्हणाला तर सेवकाने मीठ आणावे, प्रवासास निघाला असता म्हणाला तर घोडा आणावा. शब्द एकच, अर्थ प्रसंगाने ठरावयाचा. आम्ही हे उदाहरण तीस वर्षे मुलांस शिकविले. भर पंगतीत घोडा आणून उभा करणाऱ्या सेवकाचे वर्णन केले की वर्ग हसे आणि तास संपे. परंतु एकाच शब्दास हे दोन अर्थ का चिकटले, असा प्रश्न आम्हांस कोणा विद्यार्थ्याने केला नाही, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही तो स्वतःस केला नव्हता.

उत्तर भूगोलात आहे. उपासाच्या दिवशी आपल्या घरात जे शेंदेलोण लागते ते पंजाबातील ज्या डोंगरांच्या पोटातून निघते, त्यांच्या पायथ्याचा मुलूख पूर्वापार घोड्यांचाही मुलूख आहे. कौटिल्याने अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोडे सांगताना कांबोज, सैंधव, आरट्ट आणि वनायु या देशांतील घोडे प्रथम सांगितले आहेत; त्यांतील आरट्ट हा पंजाबचाच भाग होय. याच मुलखात इंग्रजी अमदानीत सरकारने शेतकऱ्यांच्या दारी पैदाशीचे घोडे फुकट आणून उभे केले. त्या फुकट घोड्याची किंमत कोणी भरली, ही हकीकत एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस विचार करण्याजोगी वाटेल, म्हणून ती येथे देत आहो. विषय पैदाशीचा असला तरी वडीलधाऱ्यांपुढे मोठ्याने वाचण्यास संकोच वाटावा असे यात काही नाही.

झेलम आणि चिनाब या नद्यांच्या मधोमध तेव्हाचा शाहपूर जिल्हा. आज हा प्रदेश पाकिस्तानात असून सरगोध्याच्या नावाने ओळखला जातो. नदीकाठची पट्टी सोडली तर मधला उंचवटा, ज्यास तेथील लोक 'बार' म्हणतात, तो कोरडा माळ होता. तेथे उंट आणि गुरे चारणाऱ्यांची विरळ वस्ती. 1901 साली रसूल येथून झेलमचे पाणी कालव्याने या माळावर आले. 1903 साली सरगोधा हे नवे गाव वसले, आणि दाट वस्तीच्या जिल्ह्यांतून शेतकरी आणून त्यांस जमिनी देण्याचे ठरले. चिनाबच्या कालव्यावर लायलपूरची अशीच वसाहत आधी झाली होती व ती भरभराटीसही आली होती. तेव्हा येथेही तसेच होणार, असे शेतकऱ्यांस वाटले तर त्यात नवल नाही.

परंतु सरकारला घोडे हवे होते. ही गरज जुनीच. कंपनी सरकारने बिहारात पुसा येथे मोठी अश्वशाला चालविली होती. तिचा अधिकारी मूरक्रॉफ्ट हा चांगल्या बीजाचे घोडे शोधीत 1819 साली निघाला, हिमालय ओलांडून 1825 साली बुखाऱ्यास पोहोचला आणि परतीच्या वाटेवर मरण पावला. इतका खटाटोप होऊनही सैन्याची गरज भागेना, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सरकारने बंगालकडील हा सारा पसारा मोडला. आपल्याकडे शिरूर तालुक्यात आलेगाव येथेही त्याच शतकाच्या पूर्वार्धात मुंबई सरकारची अशी शाळा होती; तीही टिकली नाही. गावाचे नाव मात्र अजून आलेगाव पागा असेच आहे.

मग सरकारने धोरण बदलले. घोड्या सरकारने पाळावयाच्या नाहीत, त्या शेतकऱ्याने पाळाव्या. सरकारने नर तेवढे पुरवावे. इंग्लंडातून थरोब्रेड आणि नॉरफोककडील दुडक्या चालीचे घोडे, त्यांच्या जोडीस अरबी घोडे, आणि खेचरांच्या पैदाशीसाठी परदेशी थोराड गाढव, असे नर आणून निवडक जिल्ह्यांत ठेवण्यात आले. शेतकऱ्याची घोडी अधिकाऱ्याने पाहून पसंत केली की तिच्या अंगावर सरकारी डाग द्यावयाचा. डागाच्या घोडीस सरकारी घोडा फुकट. शिंगरू शेतकऱ्याचे, ते वाटेल त्यास विकण्यास तो मोकळा. आमच्या मते या व्यवस्थेत वावगे काही नव्हते. ज्यास घोडीची हौस असे तो घोडी पाळी, ज्यास नसे तो म्हैस पाळी. तथापि एवढ्याने लष्कराचे भागत नसे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतावरून ज्यांस 'वेलर' हे नाव पडले ते घोडे मुंबई, मद्रास व कलकत्त्याच्या बंदरांत जहाजांतून उतरतच होते. समुद्रापारच्या घोड्यांवर सैन्याने विसंबून राहणे सरकारास धोक्याचे वाटू लागले.

1900-01 मध्ये घोड्यांच्या व खेचरांच्या पैदाशीविषयी एक कमिशन बसले, आणि त्यानंतर हिंदुस्थान सरकारने असे ठरविले की झेलमच्या नव्या वसाहतीत जमीन द्यावयाची ती घोडी पाळण्याच्या अटीवर द्यावयाची. पंजाब सरकारास ही गोष्ट रुचली नव्हती. पण वरच्याचे म्हणणे वरचढ ठरले. दोन चौकोन, म्हणजे सुमारे 50-55 एकर, जमिनीमागे एक घोडी. अशा शेतकऱ्यास 'घोडीपाल' म्हणू लागले. हौसेचा मामला संपला. घोडी आता सातबाऱ्यात शिरली, असेच आपल्या भाषेत म्हणता येईल.

हे कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. सरकारी घोडे ठिकठिकाणच्या तबेल्यांत मोतद्दारांच्या हाताखाली असत. घोडी माजावर आली की शेतकऱ्याने ती तेथे घेऊन जावयाची. ती फळली तर सुमारे अकरा महिन्यांनी शिंगरू. न फळली तर पुन्हा हेलपाटा. शिंगरावर पहिला हक्क लष्कराच्या खात्याचा. पसंत पडलेली शिंगरे लहानपणीच विकत घेऊन ती मोना येथील विस्तीर्ण कुरणांत वाढवीत. तो डेपो आजही पाकिस्तानी लष्कराकडे आहे. जे शिंगरू पसंत पडत नसे ते शेतकऱ्याने विकावे, नाहीतर पोसावे. घोडा फुकट खरा, पण घोडी फुकट नव्हती. ती म्हशीसारखी दूध देत नाही. बैलासारखी जुंपावी तर पोटातल्या शिंगराची आणि तपासणीस येणाऱ्या साहेबाची, अशी दुहेरी धास्ती. गव्हा-कापसाच्या जमिनीतला एक तुकडा तिच्या हिरव्या वैरणीसाठी कायमचा अडकलेला. घोडी मेली, वांझ निघाली किंवा नापसंत ठरली तर दुसरी आणणे भाग, कारण अट मोडली तर जमीनच जावयाची. घरातील म्हातारी माणसे आजारी पडली तर शेतकरी जितका घाबरा होत नसेल तितका घोडीने चारा सोडला की होत असेल, असा आमचा तर्क आहे.

याहूनही मोठी गोष्ट वारसाची. एक घोडी चार भावांत वाटता येत नाही. सबब जमीनही वाटता कामा नये, असा सरकारचा विचार. आणि घोडीपालाच्या पश्चात सारी जमीन एकट्या थोरल्या मुलाकडे जावी, असा नियम झाला. पंजाबातील जाट, मग तो शीख असो, मुसलमान असो वा हिंदू असो, पिढ्यान् पिढ्या मुलांत सारखी वाटणी करीत आला होता. त्या रिवाजास एका जनावराने फाटा दिला. बारची रेताड जमीन बापाबरोबर फोडून, बांध घालून, घरे उभारून धाकट्यांनी घाम गाळावा आणि बाप गेल्यावर थोरल्याच्या घरचे गडी होऊन राहावे, असा हा न्याय.

गंमत अशी की, जनावराच्या वाटणीचा हा पेच आपल्या स्मृतिकारांसही पडला होता. मनूने सांगितले आहे की शेळ्या, मेंढ्या आणि एकखुरी जनावरे वाटून जी विषम उरतील ती मोडून वाटू नयेत, ती ज्येष्ठास द्यावीत. एकखुरी म्हणजे घोडा आलाच. म्हणजे वरकड घोडी थोरल्याची, येथवर मनू आणि लष्कराचे खाते यांचे एकमत आहे. परंतु मनूने घोडीबरोबर शेत दिलेले नाही. घोडी थोरल्याने घ्यावी आणि शेत सर्वांनी वाटून घ्यावे, हे त्याला समजत होते. सरकारने मात्र शेतच घोडीच्या शेपटीस बांधले.

याच सुमारास लायलपूरकडे वेगळा भडका उडाला. चिनाबच्या वसाहतीतील शेतकऱ्यांवर वारसाचे व राहणीचे कडक निर्बंध घालणारे, नियम मोडल्यास दंड सांगणारे आणि कोर्टाचे दार बंद करणारे बिल 1906 साली पुढे आले. त्याविरुद्ध 1907 च्या मार्चमध्ये लायलपुरास, गुरांच्या जत्रेच्या दिवसांत, मोठ्या सभा झाल्या. बांके दयाल यांनी पगडी सांभाळण्याविषयीचे आपले गीत तेथेच म्हटले. लाला लजपतराय आणि भगतसिंगांचे चुलते अजितसिंग यांस त्या उन्हाळ्यात मंडालेस हद्दपार केले गेले. पुढच्याच वर्षी शिक्षा होऊन टिळकही तेथेच गेले. लजपतरायांचे नाव महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे, पण त्या हद्दपारीमागे कालव्याच्या पाण्याचा आणि भावाभावांच्या वाटणीचा प्रश्न होता, हे थोड्यांच्या ध्यानी असते. व्हाइसरॉय मिंटो यांनी मे महिन्यात ते बिल नामंजूर केले. 1912 च्या कायद्याने वसाहतीतील सामान्य शेतकऱ्यांस जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. घोडीपालांस ती मिळेना. मालक झाला तर तो घोडी कशास पाळील?

पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी मोडली. शिलेदार हा आपला मराठी रिसाल्यातील शब्द. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणाऱ्या स्वाराची ती पद्धत इंग्रजांनी उत्तरेकडील रिसाल्यांत त्याच नावाने चालविली होती. 1938 पासून हिंदी रिसाल्यांचे घोडे जाऊन त्यांच्या जागी मोटारी येऊ लागल्या. तरीही झेलमकाठची अट 1940 च्या सुमारापर्यंत रेंगाळली. तोवर थोरल्यांची दुसरी पिढी जमिनीवर आली होती.

आमचे पणजोबा भीमथडीच्या एका घोडीवर बसून तीन गावांचे कुलकर्णपण करीत. घोडी आम्ही पाहिली नाही. खोगीर पाहिले आहे. 1968 साली आमच्या घरी वाटण्या झाल्या तेव्हा नऊ एकर जमीन तिघा भावांत तीन-तीन एकर गेली. आमचे वडील सर्वांत धाकटे. त्यांच्या वाट्याच्या ज्वारीवर आमची मॅट्रिकपर्यंतची फी भरली गेली. भांडी, पाट, समया, सारे मोजून वाटले. खोगीर मात्र कोणी मागितले नाही. ते थोरल्या काकांच्या माळ्यावर राहिले, आणि परवा गेलो तेव्हा तेथेच होते.