माशाच्या तोंडातला बिऱ्हाडकरू

पूर्वी राजाच्या पदरी एक वेगळाच नोकर असे. राजाच्या ताटातले अन्न आधी त्याने खाऊन पाहायचे आणि त्याला काही झाले नाही, तरच राजाने जेवायचे. रोमन लोक या नोकराला 'प्रीगस्टेटर' म्हणत. हेच नाव एका कवचधारी प्राण्याला मिळाले आहे. ते देणारे बेंजामिन लॅट्रोब हे प्राणिशास्त्रज्ञ नव्हते, अमेरिकेतील नामांकित स्थापत्यविशारद होते. व्हर्जिनियातील यॉर्क नदीत मिळणाऱ्या मेनहेडन माशांच्या तोंडात त्यांना हा प्राणी बसलेला आढळला. १८०२ साली त्यांनी माशाला 'टायरॅनस', म्हणजे जुलमी राजा, असे नाव दिले आणि आतल्या प्राण्याला 'प्रीगस्टेटर'. नाव मोठे गमतीचे; पण या कुळातले प्राणी राजाचे अन्न चाखत नाहीत, राजाचे रक्त पितात!

मेनहेडन हा आपल्या तारलीचा नातलग. त्याची पिले समुद्रातून खाडीत येतात आणि तेथे वाढतात. तोंड उघडे ठेवून पोहायचे आणि पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खायचे, हा त्याचा क्रम. आता त्या तोंडात बसणाऱ्याची अवस्था लक्षात घ्या. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते, त्यामुळे पाण्याचा साधा झोतही जोराने मागे ढकलतो. या प्राण्याच्या पायांच्या सातही जोड्यांना आकड्यासारख्या नख्या असतात, त्या याचसाठी.

पण कवचधारी प्राण्याला वाढायचे तर कात टाकावी लागते, आणि कात टाकल्यावर नवे कवच काही काळ मऊ असते. खेकडा अशा वेळी बिळात दडून बसतो. याने काय करावे? या गटातले प्राणी कात दोन हप्त्यांत टाकतात: आधी शरीराच्या मागच्या अर्ध्या भागाची, मग पुढच्या. म्हणजे काही पाय नेहमीच टणक राहतात. जमिनीवर राहणारे त्यांचे भाऊबंदही हेच करतात, तेव्हा ही युक्ती माशासाठी शोधलेली नव्हे. इथे ती आयतीच कामी आली.

मादी आपली अंडी पोटाखालच्या पिशवीत सांभाळते. बाहेर पडलेली पिले चपळ असतात, चांगली पोहतात; पण शिदोरी थोड्या दिवसांची. तेवढ्यात मासा सापडला नाही, तर मरण. सापडला, की पोहण्याची साधने हळूहळू गळून जातात आणि परतीचा रस्ता बंद होतो.

मग जोडीदार कसा मिळायचा? माशात शिरलेले प्रत्येक पिलू आधी नर होते. तेथे मादी नसेल, तर ते पुढे वाढून स्वतःच मादी बनते. मागाहून आलेला मादीच्या सहवासात नरच राहतो. हिशेब सरळ आहे: अंड्यांची संख्या शरीराच्या आकारावर अवलंबून असते, म्हणून मोठ्याने मादी व्हावे हे फायद्याचे.

कॅलिफोर्नियाच्या आखातात तर याच कुळातला एक प्राणी याहून पुढे गेला आहे. १९८३ मध्ये ब्रुस्का आणि गिलिगन यांनी एका माशाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या जिभेचा केवळ बुंधा उरला होता, त्यावर हा प्राणी पाय रोवून बसला होता, आणि मासा त्यालाच जिभेसारखे वापरत असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आपल्या किनाऱ्यावरच्या माशांतही या कुळाचे प्राणी आढळतात. मासळी साफ करताना तोंड आणि कल्ले जरूर उघडून पाहा. मोठा दिसला, तर ती बहुधा मादी. जवळपास एखादा लहानसा नर आहे का, तेही शोधा.