वरची केबिन म्हणजे चांगली केबिन?

क्रूझचं बुकिंग करताना बहुतेक घरांत एकच हिशेब असतो: जितका वरचा डेक, तितकी केबिन भारी. भाडंही वर चढत जातं, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो. पण ज्याला गाडी लागते, त्याने वरच्या डेकवरची, अगदी पुढच्या टोकाची केबिन घेणं म्हणजे जास्त पैसे मोजून त्रास विकत घेणं. लाटांवर जहाजाचं पुढचं टोक वर-खाली होतं आणि सगळं जहाज डावी-उजवीकडे कलतंही. जत्रेतल्या नावेच्या पाळण्यात टोकाला बसलेल्याच्या पोटात गोळा येतो, मधल्याला फारसं काही वाटत नाही, तसंच हे. लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर हालचाल सर्वांत कमी जाणवते.

‘पण जहाजाला स्टॅबिलायझर असतात ना?’ असतात. पाण्याखाली दोन्ही बाजूंना बाहेर येणारे हे पंख जहाजाचं डोलणं बरंच आवरतात. पुढच्या टोकाचं वर-खाली होणं मात्र त्यांच्याने थांबत नाही.

खालची केबिन पाण्याखाली असते, ही भीतीही सोडून द्या. आजच्या मोठ्या क्रूझ जहाजांवर प्रवाशांच्या केबिन पाण्याच्या पातळीच्या वर असतात. बिनखिडकीची आतली केबिन कोंदट असते हेही खरं नाही, एसीची हवा तिथेही खेळती असते. तिची अडचण वेगळी आहे. दिवा मालवला की मिट्ट काळोख होतो, उजाडलेलं कळत नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर बॅटरीवरचा छोटा दिवा जरूर न्या.

बाल्कनी घेतली की समुद्र दिसणारच, असं धरून चालू नका. २००९ साली आलेल्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’च्या मधोमध खऱ्या झाडांची बाग आहे आणि काही बाल्कन्या त्या बागेकडे तोंड करून आहेत. स्वस्तात मिळालेल्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असू शकते. बुकिंगमध्ये ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ असं लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि ‘गॅरंटी’ केबिनमध्ये हमी असते ती फक्त वर्गाची. नंबर कंपनी ठरवते.

माझ्या मते खरी निवड होते ती डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, आणि नेमका तोच कुणी उघडत नाही. आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि खाली काय आहे ते बोट ठेवून बघा. वर स्विमिंग पूल असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट उशाशी येतो. खाली थिएटर असेल तर रात्री उशिरापर्यंत ढोल-बेस. पुढच्या भागातल्या सर्वांत खालच्या केबिनमध्ये बंदरात शिरताना जहाज आडवं सरकवणाऱ्या थ्रस्टरची घरघर झोपमोड करते. शेजारच्या खोलीत उघडणारं दार असलं तर पलीकडचं बोलणं ऐकू येतं. दोन कुटुंबं एकत्र निघाली असतील तर मात्र तेच दार सोयीचं. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील, तर झोपेच्या दृष्टीने ती जागा सर्वांत उत्तम.

डावी-उजवी बाजू सारखीच, हाही गैरसमजच. मुंबईहून गोव्याला जाताना किनारा डाव्या हाताला राहतो आणि उजवीकडे उघडा अरबी समुद्र. जहाज संध्याकाळी सुटणार असेल आणि बाल्कनीतून सूर्यास्त बघायचा असेल, तर जाताना उजवी बाजू मागा. परतीला सूर्यास्त डाव्या बाजूला येतो.