तीव्र बर्बनमध्ये पाणी कशासाठी?

अमेरिकेच्या केंटकी राज्यात, ओहायो नदीकाठच्या न्यूपोर्ट येथे २०१४ साली सुरू झालेल्या न्यू रिफ या छोटेखानी डिस्टिलरीची बर्बन ६५ टक्के मका, ३० टक्के राय नावाचे धान्य आणि ५ टक्के मोड आणून वाळवलेले सातू यांपासून बनते. मका निदान ५१ टक्के असावा आणि मद्य आतून जाळलेल्या ओकच्या कोऱ्या पिंपातच मुरावे, एवढे तेथील कायद्याने ठरवून दिलेले आहे. उरलेल्या धान्यांचे प्रमाण मालकाच्या मर्जीवर सोडलेले असल्याने पुष्कळजण रायची बोळवण दहा-पंधरा टक्क्यांवर करतात.

पिंपात भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांहून अधिक नसावा, असाही दंडक आहे. परंतु स्कॉटलंडच्या थंड, दमट कोठारांत मद्यार्क वर्षागणिक घटत असता, केंटकीतील कोठारांच्या तापलेल्या वरच्या मजल्यांवर लाकडातून पाणीच अधिक वेगाने उडून जाते आणि मद्य उलट तीव्र होत जाते. असे मद्य पाणी न मिसळता बाटलीत भरले, की ‘कास्क स्ट्रेंग्थ’ म्हणून विकले जाते.

त्याचा पहिला घोट भाजतो, आणि हे भाजणे निव्वळ अलंकारिक नव्हे. मिरचीच्या तिखटाने चेतणारा, डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली ओळखलेला मज्जातंतूंवरील संवेदक एरवी ४२ अंश सेल्सियसच्या आसपास जागा होतो. मद्यार्काच्या सान्निध्यात ही मर्यादा सुमारे ३४ अंशांवर उतरते, म्हणजे शरीराची स्वाभाविक उष्णताच दाह भासू लागते. हा दाह सोसण्यात पुरुषार्थ मानणारी मंडळी पेल्यात पाण्याचा थेंब पडू देत नाहीत. त्यांच्या हट्टापुढे रसायनशास्त्राचाही इलाज नाही.

जळलेल्या लाकडातून येणारे ग्वायकोल हे धुरकट वासाचे द्रव्य पाण्यात फारसे रमत नाही. स्वीडनमधील लिनीयस विद्यापीठाच्या कार्लसन व फ्रीडमन यांनी २०१७ साली रेणूंच्या हालचाली संगणकावर मांडून पाहिल्या, तेव्हा ५९ टक्क्यांच्या वर मद्यार्काचे रेणू त्याला वेढून द्रवाच्या अंतर्भागात रोखतात आणि ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात ते पृष्ठभागाशी, अर्थात नाकाच्या टप्प्यात, राहते असे दिसले. हा हिशेब एका द्रव्याचा. त्यावरून साऱ्या सुगंधांचा निकाल लावणे उतावीळपणाचे ठरेल.

५७ टक्क्यांच्या ३० मिलीलिटर बर्बनला ४५ टक्क्यांवर आणण्यास सुमारे ८ मिलीलिटर पाणी पुरते. दाह ओसरला, की व्हॅनिलाच्या गोडव्यामागून रायचा मिऱ्या-लवंगेकडे झुकणारा तिखटपणा वेगळा ओळखू येतो. लवंगेचे श्रेय मात्र एकट्या रायला देता येत नाही, कारण लवंगेतलेच युजेनॉल ओकच्या लाकडातूनही मद्यात उतरत असते.