ताप आलाय, तरी शटर उघडायचं?

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्यात मोठ्या दुकानातल्या कामगाराला आठवड्याला सलग २४ तास सुट्टी आणि वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आहे. मालकाला? काहीच नाही. म्हणून राहात्याचा पेरूवाला असो की शिर्डीत गुरुवारची गर्दी सांभाळणारा प्रसादवाला, ताप अंगावर काढतो. अन् वजनात, उधारीच्या वहीत चुका नेमक्या तेव्हाच होतात.

कसकस असेल तर दोनच कामं करा, तीही पडल्या पडल्या: आलेलं पेमेंट बघा, ऑर्डरवाल्याला पुढची तारीख कळवा. भावताव, नवी खरेदी नको.

पेरू मात्र थांबत नाही, झाडावरच पिकून जातो. तेव्हा तोडणी कोण बघणार हे बरे असतानाच ठरवा. गाळ्याची चावी, व्यापाऱ्याचा नंबर आजच त्याच्याकडे द्या.