सुई आणि पहिला घास

आमच्या घरातल्या एका लग्नात मोठ्या काकांनी पत्रिकेवरच्या वेळेवर विश्वास ठेवला. साडेबाराचा मुहूर्त, एक वाजता पंगत, म्हणून त्यांनी बरोबर साडेबाराला इन्सुलिन घेतलं. अक्षता पडायलाच सव्वा वाजला. मग आहेर, मग फोटो. दोनच्या सुमाराला काका घामाने डबडबून खुर्चीत बसले होते, हात थरथरत होते आणि सख्ख्या भाचीला ते 'तू कुणाची गं?' असं विचारत होते. मसालेभाताचा वास कार्यालयभर पसरला होता, पण पानं मांडायची होती. डोस रोजचाच होता. घोटाळा झाला तो वेळेचा.

'किती युनिट?' हे आपण काळजीने विचारतो. 'जेवणाआधी किती मिनिटं?' हे फारसं कुणी विचारत नाही. जेवणानंतर साखर चढण्या-उतरण्यात या मिनिटांचा वाटा मोठा असतो.

निरोगी शरीरात ही वेळ आपोआप साधली जाते. जेवण सुरू होऊन रक्तातली साखर वाढू लागली, की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी आधीच भरून ठेवलेलं इन्सुलिन काही मिनिटांत सोडतात. ते आधी थेट यकृताकडे जातं. रक्तातलं इन्सुलिन पाच-सहा मिनिटांत निम्म्यावर येतं, त्यामुळे जेवण थांबलं तर शरीरालाही हात आखडता घेता येतो. सुईने घेतलेल्या इन्सुलिनला ही सोय नाही. ते कातडीखालच्या चरबीत उतरतं, तिथून हळूहळू रक्तात झिरपतं आणि एकदा टोचलं की परत काढता येत नाही.

ते हळू का झिरपतं, याचं उत्तर रेणूच्या घडणीत आहे. कुपीतल्या साध्या, म्हणजे रेग्युलर इन्सुलिनचे रेणू सुटे नसतात. जस्ताच्या अणूंना धरून ते सहा-सहाच्या गटाने बसलेले असतात. शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचं पहिलं क्ष-किरण छायाचित्र १९३५ साली घेतलं आणि त्याची पूर्ण रचना उलगडली १९६९ मध्ये. एका रेणूसाठी चौतीस वर्षं! हा सहाचा गट केशवाहिनीच्या भिंतीतून सहजी आत शिरत नाही. आधी तो फुटावा लागतो, आणि त्यात वेळ जातो. म्हणून रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. त्याचा जोर दोन ते चार तासांनी येतो आणि अंमल सहा-आठ तास राहतो.

मग संशोधकांनी एक सुरेख युक्ती केली. इन्सुलिनच्या ५१ अमिनो आम्लांपैकी एका साखळीच्या टोकाजवळच्या दोन शेजाऱ्यांची, प्रोलीन आणि लायसीनची, जागा त्यांनी आपसात बदलली. तेवढ्याने रेणूंची एकमेकांवरची पकड सैल झाली. हे लिस्प्रो १९९६ मध्ये बाजारात आलं. अशी जलद इन्सुलिनं पंधरा मिनिटांत कामाला लागतात आणि तासा-दीड तासात जोरावर येतात.

पण अन्नाची चालही सारखी नसते. शिरा किंवा मऊ भात भराभर साखर चढवतो. तूप घातलेली पुरणपोळी फसवते. स्निग्ध पदार्थांमुळे जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे दोन तासांनी आकडा चांगला दिसतो आणि चौथ्या तासाला साखर वर जाते. तेव्हा जलद इन्सुलिन जवळजवळ संपलेलं असतं. टोचण्याच्या जागेचंही तसंच. एकाच जागी वर्षानुवर्षं टोचून पोटावर गाठ आली असेल, तर तिथून इन्सुलिन कधी किती रक्तात जाईल याचा भरवसा राहत नाही. जागा बदलत राहा, हा डॉक्टरांचा आग्रह त्यासाठीच असतो.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती घाईची. जेवणानंतर दोन तासांनी २४० दिसलं की जीव घाबरतो आणि माणूस आणखी सहा युनिट टोचून मोकळा होतो. पहिल्या डोसचा बराच भाग अजून अंगात काम करत असतो. दोन्ही मिळून साखर खाली ओढतात. संध्याकाळी घाम, धडधड. मग भीतीने पेढा, बिस्किटं, केळं, जे दिसेल ते खाल्लं जातं आणि रात्री आकडा ३०० वर जातो. एका अधीर सुईने सुरू झालेला हा झोका दिवसभर थांबत नाही. दुरुस्तीचा डोस किती आणि किती तासांनी, हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावं.

साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. पेढा किंवा चॉकलेट अशा वेळी उपयोगाचं नाही, त्यातली स्निग्धता साखरेची वाट अडवते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा.

काकांना त्या दिवशी आचाऱ्याने साखरेचं पाणी दिलं. पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी भाचीला नावाने हाक मारली. पुढे डॉक्टरांनी त्यांना जलद इन्सुलिनचं पेन दिलं. आता लग्नात ते पेन काकूच्या पिशवीत असतं. पान मांडलं जातं, मीठ, लिंबू, कोशिंबीर येते, काका गप्प बसून असतात. वाढपी भाताचं पातेलं घेऊन त्यांच्या रांगेत वळला, की काकू पिशवीची चेन उघडते.