सही आहे, बिल आहे. माल कुठे आहे?

कॉलेजात अफरातफर म्हटली की डोळ्यांसमोर येतो तो फीच्या खिडकीतला कारकून आणि खोटं पावतीपुस्तक. तसंही घडतं. पण मोठी रक्कम जाते ती बहुतेक वेळा रीतसर कागदांवरून, आणि त्याचा धडधडीत नमुना अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा आहे.

तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात आपत्कालीन विभागाचा आर्थिक कारभार सांभाळणाऱ्या एका महिला अधिकाऱ्याने २०१३ ते २०२१ या काळात विभागाच्या नावावर टॅब्लेट आणि संगणक मागवले आणि ते न्यूयॉर्कमधल्या एका व्यापाऱ्याला विकले. पैसे तिच्याच कंपनीच्या खात्यात जमा होत. विद्यापीठाचं नुकसान झालं ४ कोटी डॉलरहून जास्त. २०२२ मध्ये तिला ९ वर्षांची शिक्षा झाली.

‘मोठा खर्च वरच्या सहीशिवाय होतच नाही.’ बरोबर, आणि म्हणूनच तिने मोठा खर्च केलाच नाही. १०,००० डॉलरच्या आतली खरेदी तिच्या एकटीच्या अधिकारात होती, आणि तिने प्रत्येक मागणी त्या मर्यादेखाली ठेवली. म्हणजे ४ कोटींसाठी किमान ४,००० मागण्या! कारण विचारलं तर अमुक संशोधनासाठी, असं ठोकून द्यायचं. ते कारण खोटं असे. ही युक्ती आपल्याकडेही जुनी आहे. वरची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत, असं केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत म्हणूनच लिहून ठेवलेलं आहे. मात्र नियम लिहिल्याने तुकडे दिसत नाहीत. एकाच विभागाच्या, एकाच प्रकारच्या वस्तूंच्या वर्षभरातल्या मागण्या एका कागदावर मांडून बेरीज केली, तरच ते दिसतात.

‘दरवर्षी ऑडिट होतं, मग काळजी कसली?’ हा सगळ्यांत पक्का आणि सगळ्यांत महागडा समज. लेखापरीक्षक नमुन्यादाखल व्हाउचर काढतो. बिल, मंजुरी आणि रक्कम जुळली की पुढे सरकतो. येलमध्ये बिलं खरी होती, पुरवठादार खरा होता, पैसेही खरे गेले होते. फक्त वस्तू विभागात नव्हती. आपल्या भाषेत, डेडस्टॉक रजिस्टर घेऊन कोणी खोल्यांतून फिरून मोजणी केली असती, तर हे आठ वर्षं चाललं नसतं. मोजणारा माणूस खरेदी विभागाचा नसावा, एवढं पथ्य मात्र पाळायला हवं.

असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स ही संस्था जगभरातल्या अशा प्रकरणांचा अभ्यास करते. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार ४३ टक्के प्रकरणं कोणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघडकीस आली. बाहेरच्या लेखापरीक्षणातून फक्त ३ टक्के. निम्म्याहून अधिक खबरा कर्मचाऱ्यांकडूनच आल्या. येलमध्येही ऑगस्ट २०२१ मध्ये निनावी तक्रार आली : या बाई प्रमाणाबाहेर संगणक मागवतात आणि काही स्वतःच्या गाडीत ठेवतात. शिपायाच्या किंवा प्रयोगशाळा सहायकाच्या नजरेला पडावी अशीच ही गोष्ट; व्हाउचरच्या फायलीत ती कुठून दिसणार?

‘आमचे भाऊसाहेब २० वर्षांपासून आहेत, एक दिवस रजा घेत नाहीत.’ हे कौतुक बऱ्याच संस्थांत ऐकू येतं. बहुतेकदा ते खरंही असतं. पण पकडले गेलेल्यांतल्या बहुसंख्यांवर आधी असा एकही गुन्हा नसतो, आणि रजा न घेणं हे तपास करणाऱ्यांच्या लेखी निष्ठेचं लक्षण नसून चौकशीचं निमित्त असतं. आठवडाभर टेबल दुसऱ्याच्या हाती गेलं की अडलेली बिलं आणि पुरवठादारांचे फोन त्या दुसऱ्याकडे येतात. म्हणून बँकांमध्ये संवेदनशील पदांवरच्या माणसांना सक्तीची रजा देतात. कॉलेजच्या कॅश काउंटरला आणि शिष्यवृत्तीच्या टेबलाला तोच नियम लावायला पैसा लागत नाही.

आणि खबर द्यायला ठेवलेल्या तक्रारपेटीचं काय? ती बहुतेक ठिकाणी आहे. तिची किल्ली प्राचार्यांच्या कार्यालयात, त्याच भाऊसाहेबांच्या टेबलाच्या खणात असते.